नजर टाकण्याचा दर

“दोनशे ऐंशी पानं आहेत. लिहून सगळं तयार आहे. शुद्धलेखन वहिनींनी बघितलंय, त्या शाळेत मराठीच शिकवायच्या. तुम्ही फक्त एकदा नजर टाका.”

मुक्त संपादक म्हणून कामाला सुरुवात केलीत की हे बोलणं वारंवार कानावर येईल आणि दर वेळी त्यातून वेगळंच काम निघेल. एकाला खरोखरच ऱ्हस्व-दीर्घ तपासून हवे असतात. दुसऱ्याच्या पुस्तकात तिसरं प्रकरण संपेपर्यंत विषयच सुरू होत नाही. तिसऱ्याने आपली भाषणं कुणाकडून तरी टाइप करून घेतलेली असतात आणि त्यांचं आपोआप पुस्तक होईल अशी त्याला आशा असते. शब्द तिघांचे सारखे, मनातला खर्चाचा आकडाही सारखाच, म्हणजे फार नाही. या व्यवसायात टिकायचं असेल तर मराठी उत्तम येऊन भागत नाही. ‘नजर टाकणं’ म्हणजे नेमकी कोणकोणती कामं, त्यातलं याला कुठलं हवंय आणि त्याला वेळ किती लागेल, हे समोरच्याला न दुखावता उलगडून सांगता आलं पाहिजे. ते न जमल्यामुळे कंटाळून हे काम सोडून दिलेले चांगले भाषाजाणकार मी पाहिले आहेत.

आपल्याकडे ही अडचण जरा जास्तच आहे. संपादक म्हटलं की डोळ्यांपुढे वर्तमानपत्राचा किंवा मासिकाचा संपादक येतो. पुस्तकांच्या संपादनाची परंपरा मराठीत नव्हती असं मुळीच नाही. मौज प्रकाशन गृहात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांच्या संहितांवर जी मेहनत घेतली तिची आठवण त्यांचं ‘सत्यकथा’ मासिक बंद पडून चार दशकं उलटली तरी निघते. पण अशी घरं मोजकीच. बाकी बहुतेक ठिकाणी प्रकाशक स्वतःच काय ते ठरवायचा आणि शेवटी प्रुफं तपासायला एक मुद्रितशोधक असायचा. आता अनेक प्रकाशक पगारी संपादक न ठेवता काम बाहेर देतात. शिवाय स्वखर्चाने पुस्तक काढणारे लेखक आहेत, स्वयंसेवी संस्थांचे अहवाल आहेत, शताब्दी साजरी करणाऱ्या शाळांच्या आणि बँकांच्या स्मरणिका आहेत, इंग्रजीतून धो-धो होणारे अनुवाद आहेत, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे दिवाळी अंक आहेत. काम भरपूर आहे. ते नीट वेगळं करून सांगितलेलं नाही, म्हणून त्याचे दरही ठरलेले नाहीत.

आधी काम ठरवा

संहिता हातात आली की लगेच लाल रंगात दुरुस्त्या सुरू करायच्या नाहीत. आधी पूर्ण वाचायची, काहीही न बदलता. मग दोन पानांचा अभिप्राय लिहायचा: पुस्तक कशाबद्दल आहे, कुणासाठी आहे, कुठे रेंगाळतं, काय राहून गेलंय. हे स्वतंत्र काम आहे आणि त्याचे पैसे वेगळे घ्यावेत. पुष्कळ लेखकांना तेवढंच पुरतं. अभिप्राय घेऊन ते पुन्हा लिहायला बसतात आणि तुमचे पुढचे पंधरा दिवस वाचतात.

त्यानंतरचं काम रचनेचं. प्रकरणं मागेपुढे करणं, दोनदा आलेला प्रसंग एकदाच ठेवणं, गाळलेल्या जागा दाखवून देणं. मग वाक्यावाक्याचं भाषिक संपादन. आणि पानं लागल्यावर, अगदी शेवटी, मुद्रितशोधन. हा क्रम मोडला की मेहनत फुकट जाते. जे प्रकरण उद्या काढून टाकायचं आहे त्यातले अनुस्वार आज कशाला तपासायचे? तरीही नव्वद टक्के मंडळी सुरुवात अनुस्वारांपासूनच करतात, कारण ते दिसतात आणि दुरुस्त केले की काम केल्यासारखं वाटतं. (हे नव्वद टक्के अर्थातच माझ्या वैतागातून आलेले आहेत.)

यांपैकी कुठलं काम तुम्ही घेतलंय ते एका साध्या ई-मेलमध्ये लिहून पाठवा. एवढे शब्द, हे काम, इतके दिवस, एवढे पैसे, लेखकाने केलेल्या बदलांनंतर आणखी एकच वाचन. पाच ओळी पुरतात. ‘आपल्यात काय लिहून घ्यायचं’ असं म्हणणारा लेखकच पुढे चौथ्यांदा नवं प्रकरण जोडून पाठवतो.

एक वाक्य जवळून

भाषिक संपादन म्हणजे काय ते उदाहरणावरूनच कळेल. समजा, एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आत्मकथनात हे वाक्य आहे:

‘माझ्या वडिलांच्याद्वारे ती जमीन १९७२च्या दुष्काळामध्ये विकण्यात आली होती, ज्यामुळे आमच्या कुटुंबाला मोठ्या प्रमाणावर आर्थिक अडचणींचा सामना करावा लागला.’

आयुष्यभर सरकारी टिपणं लिहिलेल्या माणसाचं हे मराठी. नवखा संपादक उत्साहाने त्याचं असं करतो: ‘बहात्तरच्या करपलेल्या उन्हात वडिलांनी काळजावर दगड ठेवून जमीन विकली आणि घराची घडीच विस्कटली.’ वाचायला बरं वाटतं, पण करपलेलं ऊन, काळजावरचा दगड आणि विस्कटलेली घडी, तिन्ही संपादकाची आहेत. वडिलांनी कदाचित हिशेबी मनाने, सुटलो म्हणून जमीन विकली असेल. आपल्याला काय माहीत?

माझ्या मते इथे दोनच गोष्टी करायच्या. वाक्य सरळ करायचं: ‘१९७२च्या दुष्काळात वडिलांनी ती जमीन विकली. त्यानंतर आम्हाला पैशाची फार ओढाताण झाली.’ आणि समासात प्रश्न लिहायचा: ‘जमीन किती होती, कुणाला विकली? ओढाताण म्हणजे घरात नेमकं काय झालं? कुणाची शाळा सुटली का, कर्ज झालं का?’ अशा प्रश्नाला लेखकाकडून जे उत्तर येतं त्यात पुस्तक असतं. बहिणीचं लग्न सावकाराच्या पैशावर झालं, किंवा रोजगार हमीच्या कामावर आईबरोबर आपणही खडी फोडली, असं काहीतरी त्याला आठवतं, जे त्याने लिहिण्यालायक मानलेलंच नसतं. तुमच्या सुंदर वाक्याने तो दरवाजा बंद झाला असता.

प्रश्न विचारण्याचीही रीत असते. ‘हे समजत नाही’ असं लिहिलंत तर लेखक दुखावतो. ‘जमीन कुणाच्या नावावर होती, असं वाचकाच्या मनात इथे येईल’ असं लिहिलंत तर तो उत्तर देतो. आणि पानामागे सात-आठ प्रश्न विचारायचे नाहीत. महत्त्वाचे तेवढेच ठेवायचे, नाहीतर लेखक एकाचंही उत्तर देत नाही.

बोलीच्या बाबतीत तर हात आखडताच ठेवावा. नागपूरकडच्या लेखिकेने ‘तो जेवून राहिला होता’ असं लिहिलं तर ते चुकीचं मराठी नाही, त्या भागातलं मराठी आहे. मराठवाड्यातल्या आठवणींमधली ‘लेकरं’ पुसून ‘मुलं’ करण्यात काही हशील नाही. गोव्यातल्या लेखकाच्या गोष्टीत सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर पोदेरच राहू दे. संपादकाने पाहायची गोष्ट वेगळी आहे: ‘व्हतं’ फक्त संवादात आहे की निवेदनातही अधूनमधून घुसलंय, आणि तसं असेल तर लेखकाला ते हवंय का. उत्तर काहीही असो, मग ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तसंच पाळायचं.

टेबलावर काय हवं

शुद्धलेखनाचे नियम पाठ असण्यापेक्षा ते कुठे सापडतात हे ठाऊक असणं जास्त उपयोगाचं. मराठी साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. हे अठरा नियम एकदा शांतपणे उदाहरणांसह वाचा. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, ‘विद्यार्थी’ पण ‘विद्यार्थिगृह’, ‘फूल’ पण ‘फुलाला’, आणि ‘परीक्षा’ मात्र ‘परीक्षेला’ करतानाही दीर्घच, असल्या ठिकाणी हात का अडखळतो ते त्यातून कळतं. मो. रा. वाळंबे, यास्मिन शेख आणि अरुण फडके यांची पुस्तकं जवळ असू द्यात. फडक्यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आणि शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ रोजच्या वापरातले आहेत. जुना किंवा ग्रामीण शब्द आला तर दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थ उघडायचा. वर्णमाला आणि जोडाक्षरांसाठी शासनाचा निर्णय आहे.

याखेरीज प्रत्येक पुस्तकासाठी एक वेगळी यादी करायची. वहीत करा, नाहीतर एक्सेलमध्ये. त्यात या पुस्तकापुरते घेतलेले निर्णय लिहायचे: ‘केले’ की ‘केलं’, आकडे अंकी की अक्षरी, ‘ई-मेल’ की ‘ईमेल’, आत्याचं नाव ‘सुशीला’ की ‘सुशिला’, गावाचं नाव तिथले लोक कसं लिहितात. वीस प्रकरणांच्या पुस्तकात ही यादी सहज दोन-तीनशे नोंदींची होते. पुस्तकाबरोबर ती यादीही प्रकाशकाला द्या. मुद्रितशोधकाचं काम निम्मं होतं आणि तुमचं नाव त्याच्या लक्षात राहतं. पुढचं काम अनेकदा अशा माणसाकडून येतं.

फायलींचं दुखणं मात्र खास आपलं आहे. पुष्कळ डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात आणि लेखक युनिकोडमध्ये लिहितो. एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर कुठलाही स्पेलचेक ओरडणार नाही, कारण तोही शब्दच आहे. लग्नघरातले आचारी ‘आचार्यांनी पंगत वाढली’ असे एका फटक्यात आचार्यपदाला पोचतात. म्हणून रूपांतरानंतर काही शब्द शोध देऊनच पाहायचे. आणि संपादन वर्डमध्ये, बदल दिसतील अशी सोय चालू ठेवूनच करायचं. लेखकाची मूळ फाईल वेगळी, तुमची वेगळी. दोन्हींच्या नावात तारीख हवी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘एकदम फायनल’ या नावांच्या फायली कुणी पाठवल्या तर त्याच दिवशी फोन करून कुठली खरी ते विचारा.

आत्मकथनांसाठी आणखी एक कागद लागतो, तो काळाचा. जन्मसाल, शाळेची वर्षं, नोकरी, लग्न हे एका बाजूला आणि मजकुरात आलेल्या सार्वजनिक घटना दुसऱ्या बाजूला. पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. लेखकाचा जन्म १९५४चा असेल आणि तो म्हणत असेल की तेव्हा मी पाचवीत होतो, तर दोन्हींपैकी एक चुकलंय. १९५८ सालच्या प्रसंगात ‘महाराष्ट्र सरकारचा आदेश’ असेल तर थांबायचं, कारण राज्य झालं १ मे १९६०ला, त्याआधी ते मुंबई राज्य होतं. पण १९५९ साली आजीने दोन आणे दिले असं असेल तर घाईने दुरुस्ती करू नका. दशमान पैसे १९५७ साली आले तरी आणे त्यानंतरही बरीच वर्षं व्यवहारात आणि तोंडात होते. अशा ठिकाणी फक्त प्रश्न विचारायचा.

पैशाचं बोलणं

दर पानावर ठरवू नका, शब्दांवर ठरवा. पान म्हणजे कुठलं पान? ए-फोरचं, डेमीचं, चौदा पॉइंटचं? शब्दांची संख्या मात्र लपत नाही. दर काढायचा तर लेखकाकडून मधलीच (पहिली नव्हे, पहिली पानं सगळ्यांनीच घासलेली असतात) दोन हजार शब्दांची फाईल मागवा आणि घड्याळ लावून बसा. समजा, दोन तास लागले. मग साठ हजार शब्दांना साठ तास. दुसऱ्या वाचनाचे तीस. फोन, पत्रव्यवहार, संदर्भ शोधणं यांचे दहा. एकूण शंभर तास. दिवसाला पाच तासांहून जास्त वेळ या कामात लक्ष टिकत नाही, म्हणजे वीस कामाचे दिवस, जवळपास एक महिना. महिन्याला ४०,००० रुपये मिळायला हवे असतील तर तो आकडा तुमच्यापुढे आला: तासाला ४००, शब्दाला साधारण ६७ पैसे. तुमची गरज, अनुभव आणि वेग यांप्रमाणे आकडे बदलतील. हिशेबाची रीत हीच.

समोरचा म्हणेल, ‘बजेट तेवढं नाही.’ तेव्हा दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं. ‘दुसरं वाचन काढून टाकू, सत्तर तासांचे अठ्ठावीस हजार होतील’ असं सांगा. यात तुमचा मान राहतो आणि त्यालाही कळतं की तो कशाचे पैसे देतोय. सुरुवातीला एक-तृतीयांश रक्कम घ्या, उरलेली दोन टप्प्यांत. ‘पुस्तक खपलं की देतो’ हा करार नव्हे. जवळच्या माणसाचं काम फुकट करायचं असेल तर खुशाल करा, पण ते फुकट आहे हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असू द्या.

कागदपत्रांची टाळाटाळ करू नका. बिलावर क्रमांक, तारीख, पॅन आणि बँकेचा तपशील असावा. संस्था आणि कंपन्या बहुधा १० टक्के टीडीएस कापतात. तो तुमच्या पॅनवर दिसतो का ते आयकराच्या संकेतस्थळावर बघत राहा, विवरणपत्र भरलं की हिशेब होऊन जास्तीचा परत मिळतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीच्या नोंदणीची गरज नाही. आणि सहसा कुणी सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी. ती ऑनलाइन आणि मोफत होते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवसांतच द्यावे लागतात, असं २००६चा कायदा सांगतो. उशीर झाला तर व्याजही लागतं. भांडायला जावं लागेलच असं नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ असली तरी हिशेब विभागात फाईल वर सरकते.

काम येतं कुठून

प्रकाशकाच्या छापील पुस्तकातल्या चुकांची यादी त्यालाच पाठवून काम मागणारे लोक असतात. असं करू नका. चुका खऱ्या असल्या तरी ज्याच्याकडे काम मागायचं त्याला पहिल्याच पत्रात आरोपी का करायचं? त्याऐवजी तुमच्या अभ्यासाचा एक विषय धरा आणि तो सांगा. शेती, वैद्यक, कायदा, शास्त्रीय संगीत, बँकिंग, काहीही. भाषा जाणणारे संपादक मिळतात. ‘सात-बारा’ आणि ‘आठ-अ’ यांतला फरक माहीत असलेला किंवा बंदिश आणि तराणा यांत गोंधळ न करणारा संपादक शोधावा लागतो. बँकेतून, शाळेतून, न्यायालयातून निवृत्त होऊन या कामात येणाऱ्यांनी आपली नोकरी विसरू नये, तेच त्यांचं भांडवल आहे.

हंगाम ओळखा. दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यात येतं, आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यांनाच ‘परवा’ हवं असतं. मार्चअखेर आटोपली की संस्थांचे वार्षिक अहवाल सुरू होतात. साहित्य संमेलनाच्या तोंडावर प्रकाशकांची घाई असते. मधल्या रिकाम्या आठवड्यांत स्वतःहून मोठं, सावकाशीचं एखादं काम घ्या. प्रबंधांचं काम घेत असाल तर भाषा आणि संदर्भांची मांडणी यांच्या पुढे जाऊ नका. ‘निष्कर्षाचं प्रकरण जरा तुम्हीच बघा’ असं म्हटलं की नकार द्यायचा.

हक्कांचंही थोडं भान हवं. लेखनाचा कॉपीराइट लेखकाचा असतो, तुम्ही कितीही घाम गाळलात तरी. अवतरणांची जबाबदारी तुमची नसली तरी लेखकाला सावध करणं तुमचं काम आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११पासून सर्वांना खुलं आहे. गदिमा १९७७ साली गेले, त्यांच्या गीतांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. आत्मकथनात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर त्यांच्या चार-चार ओळी टाकायची लेखकाची हौस असेल तर परवानगीचं पत्र आधी मागवायला सांगा.

अलीकडे यंत्राने लिहिलेल्या किंवा यंत्राने भाषांतर केलेल्या संहिता ‘थोडं मराठीकरण करून द्या’ म्हणून येतात. त्यांचा वास पहिल्या पानाला येतो: प्रत्येक परिच्छेद सारख्या लांबीचा, प्रत्येक गोष्ट ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, माणसं ‘एक खोल श्वास घेतात’. अशा मजकुरावर वाक्यागणिक ठिगळं लावण्यापेक्षा मूळ इंग्रजीवरून नव्याने अनुवाद करायला कमी वेळ लागतो. दोन पानं दोन्ही पद्धतींनी करून दाखवा आणि अनुवादाचा दर सांगा. उलट बाजूने, लेखकाची अप्रकाशित संहिता त्याला न विचारता अशा यंत्रात तुम्हीही टाकू नका.

श्रेयाची गोष्ट छपाईला जाण्याआधीच बोलून घ्या. श्रेयपानावर ‘संपादन’ म्हणून नाव हवं की नको? नुसती प्रुफं तपासली असतील तर ‘मुद्रितशोधन’ एवढंच छापलं जावं. तुमच्या सूचना बहुतांश नाकारल्या गेल्या असतील तर नाव न देण्याची विनंती करायलाही हरकत नाही. पुस्तक आलं की दोन प्रती मागा, एक तुमची आणि एक कामाची. कामाच्या प्रतीत छापून आल्यावर दिसलेल्या चुका पेन्सिलीने टिपत जा आणि वर्षभराने ती यादी प्रकाशकाला पाठवा. बहुतेकदा दुसरी आवृत्ती जुन्याच फायलीवरून, जुन्याच चुकांसकट निघते.